अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेतल्या पद्धती आपल्या मराठी माध्यमाच्या वर्गात कशा आणायच्या?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी परळ भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते.

डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लेखनातली), डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांतली) असलेल्या मुलांसाठीच चालणारी एक शाळा मुंबईत आहे. यंदापासून तिथं महिन्यातल्या एका शनिवारी इतर शाळांच्या शिक्षकांना वर्गात बसू देतात. व्याख्यान नाही, स्लाइड नाहीत. सकाळी चालू वर्ग बघायचा. दुपारी तोच पाठ आपण एकमेकांवर घ्यायचा. त्यांच्या बाई शेजारी उभ्या असतात आणि मधेच थांबवून दाखवतात, "इथं तुम्ही दोन नव्या गोष्टी एकदम सांगितल्यात." बाकी प्रशिक्षणांत ऐकलेलं घरी येईपर्यंत विरून जातं, हे मात्र हातात राहतं.

वाचनाच्या तासाचा क्रम तिथं रोज एकच असतो. आधी कालपर्यंतची अक्षरं. मग वह्या बंद आणि फक्त कानाचं काम: "कमळ म्हण. आता क सोडून म्हण." मूल म्हणतं "मळ". "माळमधला म काढ, ट घाल." "टाळ." यानंतर एक, आणि एकच, नवी गोष्ट. ताटलीतल्या रव्यात बोटानं अक्षर काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. मग वाचायला शब्द, पण असेच की ज्यातलं प्रत्येक अक्षर मुलाला आधी शिकवून झालेलं आहे. चित्र बघून अंदाजानं वाचायला वाव ठेवतच नाहीत. शेवटी त्याच शब्दांचं श्रुतलेखन.

ही पद्धत मुळात अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली. मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून ती उभी राहिली. ती बांधली गेली इंग्रजीसाठी, आणि इंग्रजीत एकाच अक्षराचे भलभलते उच्चार असतात. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ सोडला, तर लिहिलंय तसं वाचता येतं. आपल्या मुलांची अडचण दुसरीकडेच आहे.

पहिली वेलांटी घ्या. "किडा" म्हणताना आधी क ऐकू येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते आणि क नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला धडपडणारं मूल तिथंच अडकतं. रफाराचं तसंच. "गर्व" म्हणताना र आधी येतो, लिहिताना तो पुढच्या व च्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय र ची चार रूपं: गर्व, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. आणि आपण बाराखडीच्या क्रमानं जात असल्यामुळे काना झाला की लगेच पहिली वेलांटी घेतो, म्हणजे सोप्यानंतर थेट अवघड.

मी सध्या काना झाल्यावर दुसरी वेलांटी आधी घेते. ती अक्षराच्या नंतर येते, जशी ऐकू येते तशीच. "काकी, मामी, पाटी, साडी, वाटी" यांवर पुरेसे दिवस गेले की मगच पहिली वेलांटी. बाराखडी पाठ म्हणायची तर खुशाल क्रमानं म्हणा, वाचायला शिकवण्याचा क्रम वेगळा असला तरी काही बिघडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: विशेष शाळेची पद्धत जशीच्या तशी उचलली तर आपल्याकडे ती टिकणार नाही. तिचा गाभा घेऊन मराठी लिपीसाठीचा क्रम आपल्याला त्या शिक्षकांबरोबर बसून बांधावा लागेल. आम्ही तिकडे जाऊन शिकायचं तसं त्यांनीही आमच्या वर्गात येऊन बसायला हवं.

इथं कोणी मराठीत असं काही करून पाहिलंय का? जोडाक्षरांचा क्रम कसा लावता? आणि चाळीसच्या वर मुलं असताना यातलं काय ठेवता, काय सोडता?

---

निळीशाई

फार गरजेचा धागा. दुसरी वेलांटी आधी घ्यायची कल्पना सोमवारीच करून बघते.

---

मोरपंख

खडूफळा ताई, मी अशाच एका शाळेत विशेष शिक्षिका आहे (तुम्ही गेलात ती नव्हे). आमच्या वर्गात सात-आठ मुलं असतात, त्यामुळे "आम्ही करतो तसं करा" असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण काय सोडायचं नाही ते नक्की सांगू शकते.

रव्याची ताटली सोडली तरी चालेल, मनापासून सांगते. कार्यशाळेला आलेले शिक्षक रवा, वाळू, सँडपेपर यांचे फोटो काढून नेतात, कारण तेच डोळ्यांत भरतं. खरं काम होतं ते आवाज म्हणत म्हणत लिहिण्यानं, एका वेळी एकच नवी गोष्ट देण्यानं आणि मागचं रोज उजळण्यानं. बाकावर बोटानं अक्षर गिरवलं तरी तोच उपयोग. चाळीस ताटल्या आणि चाळीस मुठी रवा कुठून आणणार?

दुसरं म्हणजे, "हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, ते हालचालीतून शिकणारं" अशा चिठ्ठ्या लावणं कृपया थांबवू या. प्रत्येक मुलाची ठरलेली शैली असते आणि तशी शिकवणी दिली की ते जास्त शिकतं, याला संशोधनात आधार मिळालेला नाही. तरीही प्रशिक्षणांत ते सर्रास सांगितलं जातं. डोळा, कान आणि हात एकाच वेळी एकाच अक्षरावर लावायचे, सगळ्या मुलांचे. मुलांची विभागणी करायची नाही.

तिसरं, ओळखण्याबद्दल. शाळांमधून फिरणाऱ्या बऱ्याच प्रश्नावल्या इंग्रजीवरून आलेल्या असतात. त्यात "मूल बी आणि डी उलटसुलट लिहितं का" हे अगदी वर. मराठी माध्यमाचं मूल यात कसं सापडणार? आपल्याकडे गफलत होते ती ध-घ, भ-म, थ-य, ब-व, प-ष यांत. आणि याहून महत्त्वाचं: मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल चौथी-पाचवीत पोचेपर्यंत पुष्कळदा बरोबर वाचायला लागतं, पण फार हळू. एकेक अक्षर जुळवत ओळीच्या शेवटी पोचतं तोवर सुरुवात विसरलेलं असतं. चुका दिसत नाहीत म्हणून आपण निश्चिंत राहतो. त्यामुळे चुकांच्या जोडीला वेगही बघा. आधी न वाचलेला, त्याच इयत्तेचा उतारा एका मिनिटासाठी द्या आणि किती शब्द नीट वाचले ते नोंदवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तसंच. कोण पुढे सरकलं आणि कोण तिथंच आहे ते कळतं.

मात्र हे सगळ्या वर्गासमोर कधीही घेऊ नका. तुमच्या टेबलाशी, एकेकट्याला बोलावून.

जोडाक्षरांसाठी आम्ही आकारानं गट करतो. उभी दांडी शेवटी असलेली (त, म, न, स, ल, प) आधी, कारण तिथं फक्त दांडी जाते: त्या, म्ह, स्त, प्य. मग मधे दांडी असलेले क आणि फ. मग दांडी नसलेली, ज्यांचा पाय मोडतो ती: ट्, ड्, द्, ह्. क्ष, ज्ञ आणि र ची सगळी रूपं सर्वांत शेवटी, प्रत्येकाला वेगळा आठवडा देऊन.

---

गोवंडी_मनपा

धागा चांगला आहे, पण मला काही गोष्टी सरळ बोलायच्या आहेत.

मी महापालिकेच्या शाळेत आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. माझ्या पटावर त्याहून बरीच जास्त आहेत. वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. गेल्या काही वर्षांत संस्था येतात, हॉलमध्ये दिवसभर बसवतात, प्रमाणपत्र देतात, फोटो होतो. पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात काय झालं हे विचारायला एकही परत आलेली नाही. म्हणून खडूफळा ताईंच्या शेवटच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. विशेष शाळेच्या शिक्षकांनी इथं यावं. माझा वर्ग उघडा आहे, आधी कळवायचीही गरज नाही.

आता प्रश्न. माझ्याकडे निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी मराठी नाही. भोजपुरी आहे, तेलुगू आहे, दखनी उर्दू आहे. गावी गेलं की मूल दोन-दोन महिने येत नाही. अशा वेळी अध्ययन अक्षमता कोणाला आणि शिकायला मिळालंच नाही म्हणून मागे कोण, हे ओळखायचं कसं? चुकीचा शिक्का बसला तर त्या मुलाचं नुकसान, आणि नाही ओळखलं तरी नुकसान.

---

मोरपंख

सर, या प्रश्नावर आमच्याकडेही सगळ्यात जास्त वेळ जातो.

पहिली गोष्ट, घरच्या भाषेत मूल कसं आहे ते बघा. आईला किंवा मोठ्या भावंडाला विचारा: घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगतो का? बोलायला उशिरा लागला होता का? गाण्यातली यमकं पकडतो का? वार, महिने क्रमानं म्हणताना सतत अडतो का? भोजपुरीत फर्डा बोलणारं, आवाजांचे खेळ पटकन जमणारं मूल मराठी वाचनात मागे असेल तर बहुतेक वेळा अडचण भाषेच्या ओळखीची किंवा हजेरीची असते. अध्ययन अक्षमता एका भाषेपुरती नसते, ती घरच्या भाषेतही कुठे ना कुठे डोकावते.

दुसरी गोष्ट मला जास्त भरवशाची वाटते. आधी शिकवा आणि मग बघा. अशा पाच-सहा मुलांना रोज वीस मिनिटं, क्रमानं, दोन-तीन महिने शिकवलं की ज्यांना फक्त संधी मिळाली नव्हती ती भराभर सुटतात. ज्यांची गाडी तरीही तिथंच राहते त्यांना तपासणीसाठी पाठवा. शिकवण्यासाठी अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाट बघायची नसते. प्रमाणपत्र लागतं परीक्षेतल्या सवलतींसाठी.

---

घाटकोपरची_आई

पालक म्हणून लिहू का? माझा मुलगा आता आठवीत आहे, डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया दोन्ही आहे.

शिक्षकांना हे माहीत असलं तर पालकांची फार वणवण वाचते, म्हणून सविस्तर सांगते. सवलतींसाठी सरकारी यंत्रणेतलं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर इथं अध्ययन अक्षमतेचे विभाग आहेत. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यंक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. साधारण आठ वर्षांच्या आत पक्कं निदान सहसा करत नाहीत. शाळेकडून मुलाच्या अडचणींबद्दल लेखी टिपण मागतात. हे टिपण वर्गशिक्षकांनी मन लावून लिहिलं तर खूप फरक पडतो. "अभ्यासात लक्ष नाही" या ओळीतून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "तोंडी उत्तर अचूक देतो, तेच लिहायला सांगितलं तर दोन ओळींत थांबतो, फळ्यावरून उतरवताना शब्द गळतात" असं लिहा. वह्यांच्या झेरॉक्स जोडा.

चाचणी कोणत्या भाषेत होणार हेही पालकांना विचारायला सांगा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं "डाली" नावाची साधनं तयार केली आहेत, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाचं वाचन फक्त इंग्रजीत तपासून काय हाती लागणार?

शिक्षकांना एक हात जोडून विनंती. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगू नका. माझा मुलगा दहा वेळा लिहायचा तेव्हा त्यातल्या चार वेळा वेगळाच शब्द लिहिलेला असायचा, आणि रात्रीचे अकरा वाजलेले असायचे.

---

कायद्याचं_पान

घाटकोपरच्या ताईंना पूरक माहिती. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेसाठी परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्टपणे आली. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्दशः दिलं आहे. शाळेनं "आमच्याकडे असं काही नसतं" म्हटलं तर हे कलम छापून न्या. शाळा मेहेरबानी करत नाहीये, हा मुलाचा हक्क आहे.

---

दशक_एकक

सगळी चर्चा वाचनावर चालली आहे, गणिताला कोणी हात लावेना. मी लावतो.

मराठी संख्यानामं डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलासाठी किती अवघड आहेत ते एकदा त्याच्या जागी बसून बघा. "पंच्याहत्तर" ऐकलं की पाच आधी कानावर पडतो, लिहायचा मात्र सात आधी. म्हणून वहीत ५७. बाई म्हणतात आकडे उलटे लिहिलेस. मुलानं ऐकलं त्या क्रमानंच लिहिलेलं असतं! एकोण- ची भानगड त्यावर. एकोणचाळीस ऐकू येतं चाळीस, लिहायचे तीस आणि नऊ. आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून शेवटी ९९ ला नव्व्याण्णव.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, सत्तर पाच" असं वाचन आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मराठी बुडाली इथपर्यंत लोक बोलले. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, सोबत एक पर्याय दिला होता, हे त्या गोंधळात बाजूलाच राहिलं. ज्यांनी आकड्यांशी झगडणारं मूल शिकवलंय त्यांना तो पर्याय किती मोलाचा आहे ते कळतं.

मी असं करतो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. सात गठ्ठे, पाच सुट्या. मूल आधी म्हणतं "सत्तर आणि पाच", लिहितं ७५, मग म्हणतं "पंच्याहत्तर". तिन्ही गोष्टी रोज, त्याच क्रमानं. एकोण- साठी गठ्ठ्यांतून एक काडी काढून घ्यायची: चाळीसमधून एक काढली, काय उरलं? हातात काडी असते तेव्हा ते नाव पाठ करावं लागत नाही, समोर दिसतं.

आणि पाढे पाठ नाहीत म्हणून मुलाला गुणाकाराच्या उदाहरणांपासून लांब ठेवू नका. पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवा. रीत कळणं वेगळं, आठवणं वेगळं.

---

सदाशिव_सर

मी निवृत्त शिक्षक. दशक_एकक यांचं पटलं, तरी एक काळजी आहे. "सत्तर पाच" वरच मूल थांबलं तर बाजारात, बसमध्ये त्याला "पंच्याहत्तर रुपये" ऐकून कळलं पाहिजे ना? समाज आपली भाषा बदलणार नाही.

---

दशक_एकक

सर, अगदी बरोबर, म्हणूनच तिसरी पायरी आहे आणि ती सोडायची नसते. माझा आग्रह क्रमापुरता आहे. आधी संख्या समजू दे, मग नाव ऐकून ओळखायचा सराव: मी "त्रेसष्ट" म्हणणार, त्यानं सहा गठ्ठे आणि तीन काड्या मांडायच्या. भाजीच्या दुकानाचा खेळ घेतो तेव्हा फक्त रूढ नावंच वापरतो.

---

ट्रेनमधून

मी शिक्षक नाही. मला डिस्लेक्सिया आहे, मराठी माध्यमात शिकलो, आता नोकरी करतो. हे फोनवर बोलून टाइप करतोय.

दोन गोष्टी सांगतो. वर्गात ओळीनं एकेक परिच्छेद वाचायला लावायचे. माझा नंबर कितवा ते मोजून मी माझा परिच्छेद आधीच पाठ करायला बघायचो, त्यामुळे आधीच्या मुलांनी काय वाचलं ते मला एकदाही ऐकू आलं नाही. वाचायला सांगायचंच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद कोणता ते सांगून ठेवा.

दुसरी, दहावीला लेखनिक मिळाला. पण उत्तर तोंडानं सांगायचं, मुद्दे कुठे तोडायचे, "इथं नवीन परिच्छेद" कधी म्हणायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. पहिला पेपर त्यातच गेला. लेखनिक देणार असाल तर आठवी-नववीपासून चाचणी परीक्षांना द्या म्हणजे सराव होईल.

---

मोरपंख

ट्रेनमधून, तुमचा लेखनिकाचा मुद्दा मी उद्याच आमच्या बैठकीत मांडते. वाढीव वेळेलाही तो लागू आहे. जास्तीचा वेळ मिळाला तरी तो वापरायचा कसा हे शिकवावं लागतं: आधी पूर्ण पेपर वाचून घेणं, शेवटची काही मिनिटं फक्त वेलांट्या-अनुस्वार तपासायला ठेवणं.

---

खडूफळा

इतक्या नेमक्या प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. मिनिटभराचं वाचन टेबलाशी घेणं आणि लेखनिकाचा सराव या दोन गोष्टी मुख्याध्यापकांपुढे ठेवते आहे.

गोवंडी_मनपा सर आणि मोरपंख ताई, एक प्रस्ताव. मोरपंख ताईंच्या शाळेतले एक-दोन शिक्षक महिन्यातून एकदा सरांच्या किंवा माझ्या वर्गात येऊन बसतील का? भाषण नको. आम्ही शिकवतो ते बघायचं, मोठ्या वर्गात कुठे काय बसवता येईल ते सांगायचं, आणि पुढच्या महिन्यात परत येऊन ते चाललं का बघायचं. आमच्याकडून तुम्हाला मराठी माध्यमाच्या मुलांच्या चुकांचे खरे नमुने मिळतील. ते तुमच्याकडे कमी असणार.

---

मोरपंख

शाळेत विचारून आले. हो. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करू शकतो, गुरुवारी सकाळच्या सत्रात.

तोपर्यंत मुलांच्या वह्यांची पानं हवीत. मुलाचं नाव आणि शाळेचं नाव झाका, फक्त इयत्ता, घरची भाषा आणि पान श्रुतलेखनाचं की उतरवलेलं एवढं लिहा. उतरवलेल्यात आणि ऐकून लिहिलेल्यात चुका वेगळ्या होतात, म्हणून दोन्ही प्रकार द्या. त्यावरून मराठी शब्दांच्या याद्या लावायला घेते: बिनमात्रेचे, काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, मग पहिली वेलांटी, उकार, अनुस्वार. प्रत्येक यादीत फक्त मागची अक्षरं येतील याची काळजी घेईन. झाल्या की इथंच टाकते.

---

गोवंडी_मनपा

गुरुवार चालेल. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांची पानं आज काढली, उद्या पाठवतो. आणखी ज्यांना आपला वर्ग उघडायचा आहे त्यांनी इथं माध्यम, इयत्ता, पट आणि जवळचं स्टेशन लिहा, म्हणजे फेऱ्या लावता येतील.

---

निळीशाई

मराठी माध्यम, दुसरी, पट अडतीस, कुर्ला. माझं नाव घाला. दुसऱ्या वेलांटीचा पहिला आठवडा झाला. "मामी"पर्यंत सगळे आले, "नदी"ला दोघं अडली. दोघंही द आणि ह मध्ये अडखळतात. मोरपंख ताई, ही जोडी तुमच्या यादीत लांब लांब ठेवाल का?